मी वाचले, पण कशासाठी?

"देवानं तुला काहीतरी कारणासाठीच मागं ठेवलंय." मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला येणारे हे वाक्य हमखास बोलून जातात. मायेनंच बोलतात. ते निघून जातात, वाक्य मात्र घरात राहतं. मग कुणी ना कुणी ते घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकासमोर बसतं: "मॅडम, मी वाचले खरी, पण ते कारण मला सापडतच नाही." अलीकडे हे इतक्यांकडून ऐकलं, की एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

वय ५४, सातारा जिल्ह्यातलं मोठं गाव. बँकेत २६ वर्षं, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. मोठ्या आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन, सहा महिने केमो. सगळे रिपोर्ट चांगले आले आणि त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. घरच्यांना याचंच नवल वाटत होतं, मला नाही. उपचार चालू असताना माणूस पुढच्या तारखेच्या आधारानं जगतो. तारखा संपल्या की तो आधारही जातो. त्यात बोटांना सतत मुंग्या. हाताला एक नोट लागली की दोन, कळेना. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

"घरात सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपतात," त्या म्हणाल्या. "वापरत मात्र कुणी नाही."

पहिल्या भेटींत त्या सेवाकार्यांची यादीच घेऊन यायच्या: वृद्धाश्रम, गोशाळा, देवळातलं अन्नछत्र. मी दर वेळी एकच विचारायचे, "यातलं किती केलं म्हणजे तुमचं देणं फिटेल?" चौथ्या भेटीत त्या अडखळल्या.

"देणं? कुणाचं?"

"तुम्हीच सांगा."

बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "केमोला शेजारच्या खुर्चीत एक मुलगी असायची. ती गेली. तिची पोरं लहान होती हो."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. घटना माणसाला दुखावते, पण त्याला जखडून ठेवतो तो त्यानंच तिला जोडलेला 'च'. 'मी वाचले, तर मोठं काहीतरी केलंच पाहिजे.' हा 'च' सुटल्याशिवाय सेवेचा कुठलाही मार्ग सुचवायचा नाही, हा माझा नियम आहे. कर्ज फेडायला निघालेला माणूस समोरच्याचं दुःख बघत नाही, आपला हप्ता बघतो.

सहाव्या भेटीला त्या अर्धा तास उशिरा आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या. बँकेत एक आजी भेटल्या होत्या. नवरा पलटणीत होता, त्याच्यामागं फॅमिली पेन्शन. हयातीचा दाखला काढायचा, तर अंगठा लागेना. "मशीन मला वळखत न्हाय गं बाई," म्हणत आजी सारखा अंगठा लुगड्याला पुसत होत्या. खुरपं धरून रेषा झिजलेल्या.

"मॅडम, केमोच्या गोळ्यांनी माझ्याही तळहाताची सालं निघाली होती. ठसे पुसट झाले होते. आधारला माझाही अंगठा लागला नव्हता. आपण जिवंत उभं असतो आणि मशीन नाही म्हणतं. मला तिथंच रडू आलं होतं."

आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. ताईंनी आजींना उजेडात बसवलं, मोबाइल धरला. आजी ऐन वेळी डोळे मिटून घ्यायच्या, पाचव्यांदा जमलं.

मी विचारलं, "आज वाचण्याचं कारण शोधलंत का?"

"कसलं कारण?" त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या.

तो क्षण मी जपून ठेवला आहे. इतक्या वर्षांच्या कामात मला जे हाती लागलं, ते असं: आजारानं ताईंची बोटं बधिर केली आणि त्याच आजारानं त्यांना आजींचा अंगठा समजला. मोठा हेतू शोधायला त्या लांब गेल्या होत्या. आजारानं शिकवलेली एक बारीक गोष्ट आणि बँकेतली २६ वर्षं बँकेच्या रांगेत एकमेकांना भेटली.

आमचा जिल्हा सैनिकांचा. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जण परतले नाहीत, ते अपशिंगे मिलिटरी इथलंच. घरोघरी कागदांची ट्रंक असते. पलटणीच्या कागदात 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई', की पेन्शन अडलं. लग्नाची, मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली नोंद, झालेली नाही. 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड मुलाकडे, मुलगा लेहला. दाखला काढताना पेन्शन देणारं कार्यालय चुकीचं निवडलं, की दाखला निघूनही पोचत नाही. हे सगळं सोडवणं ताईंना जमू लागलं. अवघड प्रकरण असेल, तर त्या बाईसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायच्या.

आणि तीन महिन्यांत आजारी पडल्या. रोज पंधरा-पंधरा जणी यायच्या. "नाही म्हणवत नाही," म्हणाल्या, आणि मग हळूच, "हे थांबवलं तर ते परत येईल, असं वाटतं." सेवेचा नवस झाला होता. आजार परत येणं न येणं आपल्या पुण्याईवर नसतं, हे मला त्यांना स्पष्ट सांगावं लागलं. ऐकताना त्यांना त्रास झाला, मलाही सांगताना झाला.

म्हणून हा प्रश्न घेऊन बसलेल्यांना सांगते. उपचार संपल्यावर पहिले काही महिने शरीराचे आहेत, ते त्याला द्या. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन सकाळी, त्याही ठरलेल्या वेळेपुरत्या, एवढ्यावर सुरू करा. आपल्याला आधीपासून येतं तेच करा. शोकात असलेल्या घरी एकट्यानं जाऊ नका. आणि घरच्यांनो, 'देवानं ठेवलंय' म्हणण्याऐवजी त्यांना झेपेल असं काहीतरी मागा. लाइटबिलाचा हिशेब विचारा, भाजीत मीठ बघायला सांगा.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. मागं बायकांचा गलका होता. "मॅडम, बुधवारी माझी तपासणी आहे, म्हणून काम बंद सांगितलंय," म्हणाल्या. "आणि गुरुवारीपण बंद. गुरुवारी मला नुसतं झोपायचंय."