कॉमिक्सचा संग्रह सुरू करताना कॅनन कसं ठरवायचं?

तुम्ही सांगलीहून विचारलंय की बॅटमॅन आणि स्पायडरमॅन विकत घ्यायला सुरुवात करायची आहे, पण जो तो 'हे कॅनन (म्हणजे पात्राच्या अधिकृत कथेत धरलेलं), ते कॅनन नाही' म्हणतो आणि तुमचा हात आखडतो. शिवाय घरात वडिलांनी जपलेले वेताळाचे (म्हणजे फँटमचे) मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत, ते कुठे बसवायचे? मी साताऱ्याचा, याच छंदात बरीच वर्षं काढलेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. प्रकाशकाने शिक्का मारला म्हणून गोष्ट कॅनन होत नाही. पुढच्या लेखकांनी जी गृहीत धरून पुढचं रचलं, ती कॅनन. ही एक कसोटी हाताशी ठेवलीत की याद्यांची गरज बरीच कमी होते.

'द किलिंग जोक' घ्या. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचं हे पुस्तक 1988 मध्ये स्वतंत्र म्हणून आलं. त्यात जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे पूर्वीच्या बॅटगर्लला, गोळी घालतो. गोष्ट तिथेच संपली असती. पण 1989 मध्ये किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी 'सुइसाइड स्क्वॉड'मध्ये व्हीलचेअरवरच्या बार्बराला 'ओरॅकल', म्हणजे नायकांना माहिती पुरवणारी, म्हणून उभं केलं, आणि 2011 पर्यंत ती तशीच राहिली. त्या पुस्तकाला मुख्य कथेत जागा मिळवून दिली ती बार्बराच्या या पुढच्या आयुष्याने. याउलट फ्रँक मिलरचं 1986 चं 'द डार्क नाइट रिटर्न्स'. त्यातला म्हातारा होत चाललेला बॅटमॅन अप्रतिम आहे, पण मुख्य मालिकेने ते भविष्य कधी स्वतःवर बांधून घेतलं नाही. ते जरूर घ्या, फक्त वेगळ्या कप्प्यात ठेवा.

वाचकांनीच कॅनन ठरवल्याचंही उदाहरण आहे. 1988 च्या 'अ डेथ इन द फॅमिली'मध्ये दुसरा रॉबिन (बॅटमॅनचा तरुण साथीदार), जेसन टॉड, जगावा की मरावा यावर बॅटमॅनचे प्रकाशक डीसी यांनी वाचकांची फोनवरून मतं घेतली. मरावा 5,343, जगावा 5,271. फरक फक्त 72 मतांचा! त्या मृत्यूचं ओझं बॅटमॅन पुढे कित्येक वर्षं वाहत राहिला, आणि 2005 मध्ये जड विनिकने जेसनला 'रेड हूड' म्हणून परत आणलं ती कथा त्याच ओझ्यावर उभी आहे. म्हणून बॅटमॅनसाठी माझा क्रम असा: मिलर आणि मॅझुकेली यांचं 'इयर वन' (1987), मग 'किलिंग जोक', मग 'डेथ इन द फॅमिली', मग विनिकची रेड हूडची कथा. चार पुस्तकांत एक सलग धागा हातात येतो. त्यानंतर 2011 पासूनचा स्नायडर आणि कपुलो यांचा 'कोर्ट ऑफ आउल्स' खुशाल घ्या.

डीसीच्या रीबूटची, म्हणजे जुना इतिहास पुसून कथा नव्याने सुरू करण्याची, भीती बाळगू नका. 1961 मध्ये फ्लॅशच्या एका अंकात दोन समांतर पृथ्व्या दाखवल्या, पुढे त्या वाढत गेल्या, आणि 1985-86 मध्ये वुल्फमन आणि पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्ये त्या एकत्र आणल्या. 2011 मध्ये 'न्यू 52' आलं, 52 मालिका पुन्हा अंक 1 पासून. पण तेव्हा सुपरमॅनचा इतिहास नव्याने लिहिला गेला आणि बॅटमॅनचा बराचसा तसाच ठेवला. एकाच प्रकाशकाकडे, एकाच महिन्यात! त्यामुळे 'डीसीचं कॅनन काय' असं विचारण्यापेक्षा 'या पात्राचं काय' असं विचारा.

स्पायडरमॅनचे प्रकाशक मार्व्हल यांनी मुख्य विश्वात असं पुसून नव्याने लिहिणं टाळलंय. 1962 च्या 'अमेझिंग फँटसी'च्या 15 व्या अंकातला पीटर पार्कर तोच अजून चालू आहे, फक्त काळ त्याच्याबरोबर पुढे सरकवत नेतात. आयर्न मॅन मुळात व्हिएतनाममध्ये पकडला गेला होता. 2019 मध्ये त्या युद्धाच्या जागी सियाँकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्ध आलं. अशा तारखांच्या विसंगतींवर डोकं शिणवू नका. स्पायडरमॅनबाबत खरा वाद 2007 च्या 'वन मोअर डे'चा. मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून पीटर आणि मेरी जेनचं लग्नच पुसून टाकलं. मला ती कथा मनापासून नावडते, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं, तेव्हा माझ्याच कसोटीने ती कॅनन. विकत मात्र घेऊ नका. काय घडलं एवढं माहीत असलं की पुरे.

अगदी पहिलं पुस्तक हवं असेल तर 2000 साली सुरू झालेला बेंडिस आणि बॅग्ली यांचा 'अल्टिमेट स्पायडरमॅन'. वेगळं विश्व, मागचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं. माइल्स मोरालेस हा दुसरा स्पायडरमॅन 2011 मध्ये याच विश्वात आला आणि 2015 च्या 'सीक्रेट वॉर्स'नंतर मुख्य विश्वात दाखल झाला. सुटे अंक गोळा करण्यापेक्षा एकत्रित खंड घ्या, आणि पैसे देण्याआधी आत कोणते अंक आहेत ते पाहा. सारख्याच नावाच्या दोन आवृत्त्यांत अंक कमी-जास्त असतात.

आता वडिलांचे अंक. वेताळ ली फॉकचा, 1936 पासून वृत्तपत्रांतल्या चित्रपट्ट्यांमधला, आणि काटेकोर म्हटलं तर मूळ कथा म्हणजे त्या पट्ट्याच. टाइम्स समूहाने 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेव्हा पानांत बसवायला चित्रं कापली, वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं. तरीही मी म्हणेन की तुमच्या संग्रहात पहिला मान या अंकांचा. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं. बॅटमॅनचे खंड पुढच्या वर्षीही मिळतील, मराठी वेताळाचा फाटलेला अंक पुन्हा मिळायची खात्री नाही. म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे पुस्तकांवर घालू नका. ॲसिडमुक्त पिशव्या आणि पाठीला लावायचे पुठ्ठे आणा, स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, सेलोटेप अजिबात लावू नका. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर पेटी जूनच्या आधी माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या ओळखीच्यांकडे हलवा.