पोलिसांऐवजी पालिकेचे पथक?

प्रश्न : शेजारच्या तरुणाला भ्रमाचा झटका आला असता पोलिसांची गाडी आली आणि तो अधिकच बिथरला. आपल्या महापालिकेला यासाठी वेगळे पथक नेमता येणार नाही का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : कचरागाडी रोज दारापर्यंत आणणाऱ्या महापालिकेला हे अशक्य नसावे. अमेरिकेतील अल्बुकर्क शहराने २०२१ पासून पोलीस व अग्निशमन यांच्या जोडीला स्वतःचाच तिसरा विभाग चालवला असून, त्याचे निःशस्त्र, प्रशिक्षित कर्मचारी ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर आलेल्या अशा हाकेला धावतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने धोक्यातील रुग्णाला संरक्षण देण्याचे काम पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर सोपवले आहे; १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस सेवा फोनवर समुपदेशन करते, पण दारी येत नाही. खरी मेख अशी की, ११२ या आपल्या आपत्कालीन क्रमांकाची यंत्रणा राज्याच्या हाती आहे. तिथून फोन वळवला गेला नाही, तर पथक नुसते बसून राहील.