पत्रकारितेचा कोर्स करतोय. स्वतंत्र पत्रकारिता संपली म्हणतात, मग सरळ पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, जाऊ का?

नागपुरात नऊ वर्षं पेपरात आरोग्याची बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्या, केली आणि 2014 पासून दवाखान्यांच्या प्रेस नोट लिहितो. दोन्ही घरचं जेवलोय. पगारासाठी विचारत असाल तर पीआर. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

2019 चा नोव्हेंबर. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मधुमेह दिनाचं शिबिर होतं. मी आदल्या वर्षीची नोट उघडली, साल बदललं, डॉक्टरांचं नाव बदललं, पाठवून दिली. वार बदलायचा राहिला. 'बुधवार, 14 नोव्हेंबर'. बुधवार 2018 ला होता, त्या वर्षी गुरुवार. सकाळी तर्री-पोहे खात पेपर चाळले. पाच पेपर, पाचांत बुधवार. एकाने 'आमच्या प्रतिनिधीकडून' लावलेलं. गंमत म्हणजे ते अंकच बुधवारचे. पानाच्या माथ्यावर बुधवार 13 आणि खाली माझ्या बातमीत बुधवार 14.

एकच फोन आला, काटोलकडच्या एका वार्ताहराचा. "भाऊ, चौदाला गुरुवार येऊन राहिला ना?" या माणसाला पेपर जे मानधन देतो त्यात गाडीचं पेट्रोल निघत नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या, कमिशनवर घर चालवायचं. ज्याच्या रस्त्यावरचे खड्डे छापायचे त्याच्याच दारात जाहिरात मागायला जायचं. तरी फोन त्यानेच केला.

माझा एक जुना सहकारी अजून डेस्कवर आहे. दर अधिवेशनात धंतोलीला पत्रकार भवनाजवळ चहाला भेटतो आणि चारचौघांत म्हणतो, "काय दलाल, काय म्हणते धंदा?" त्याचं मत, पीआरवाल्यांनी पत्रकारिता खाल्ली. साफ खोटं. माझ्या वेळी आरोग्याला आम्ही दोघं होतो. आता तिथे एक पोरगी आरोग्य, शिक्षण आणि महापालिका एकटी बघते. ती मेडिकलचे, म्हणजे सरकारी रुग्णालयाचे, वॉर्ड पालथे घालेल, की मथळ्या-फोटोसकट आलेली माझी नोट लावून टाकेल?

आणि पानं विकायला आम्ही नव्हतो गेलो. 2009 च्या विधानसभेला एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी आला होता, पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड केलं. अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या उपसमितीने 71 पानांत नावानिशी अहवाल लिहिला, तर कौन्सिलने तो अख्खा बाहेर येऊ दिला नाही. 2011 मध्ये माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा आला.

मी का सोडलं तेही सांगतो. बिल भरेपर्यंत मृतदेह अडवल्याची बातमी होती, बिलाच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर. रात्री दहाला जाहिरात विभागातून फोन आला आणि लावलेल्या पानातून बातमी उतरली. त्या जागी त्याच दवाखान्याची गुडघेबदलीची नोट गेली, वर माझी बायलाइन. तेव्हा पान हाच, मला दलाल म्हणणारा मित्र लावत होता. म्हणाला, "नाव तर आलं ना तुझं?"

हां, मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. शिबिरात तपासलेल्यांपैकी किती जणांना नंतर भरती करून घेतलं, हा आकडा माझ्या एकाही नोटेत नाही. कोणी विचारलाही नाही. आणि स्वतःच्या हिमतीवर नीट बातमीदारी करणारे आजही आहेत, माझ्या रागात ते धरू नका.

तुम्ही आधी दोन वर्षं तालुक्याला काढा. कोर्टात, पंचायत समितीत बसा, कागद वाचायला शिका. मग पीआरमध्ये जायचं तर जा, निदान आपण काय झाकतोय ते तरी कळेल.

आणि मित्रा, हे वाचत असशीलच. त्या 13 तारखेची पाचही कात्रणं माझ्याकडे आहेत. 'आमच्या प्रतिनिधीकडून' वालं पान तुझं होतं.