ट्रंकेची किल्ली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आठवी-नववीच्या मुलांचं स्काऊट पथक शाळेने तुझ्याकडे दिलं, बरं झालं. परवा फोनवर तू विचारलंस, "सर, बक्षिसांसाठी तीन हजार मिळालेत, काय काय आणू?" तेव्हा मी एसटीत होतो, काही धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी दोर आण. वीस मुलांत चार दोर असले की सोळा जण नुसते उभे राहतात. चौदा वर्षांचा मुलगा रिकामा उभा राहिला की काय होतं, ते तू स्वतःच करून दाखवलेलं आहेस. (प्रयोगशाळेच्या पत्र्यावर गेलेली माझी चप्पल मी विसरलेलो नाही.) उरतील त्या पैशांची शनिवारी भेळ कर. या वयात पोरं सदा भुकेली असतात. पोटात काही पडलं की निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

आता बक्षिसं. यात मी एकदा चांगलीच माती खाल्ली आहे. 'खरी कमाई'च्या, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाच्या वेळी मी जाहीर करून बसलो, जो सर्वांत जास्त आणेल त्याला होकायंत्र. सोमवारी एक मुलगा माझ्या टेबलाशी रुमालातली नाणी मोजत होता. सायकल स्टँडवर दोन दिवस सायकली पुसल्या होत्या त्याने. नाण्यांना ग्रीसचा वास येत होता. पस्तीसपर्यंत आला, तेवढ्यात शेजारी दुसऱ्याने पाचशेची कोरी नोट ठेवली. पहिल्याने रुमालाची गाठ मारली आणि खिशात घातला. होकायंत्र नोटवाल्याला गेलं. ती नोट वडिलांनी दिलेली होती, हे मला महिन्याने कळलं. पोराला खोटं बोलायला मीच लावलं होतं. रुमालवाला पुढच्या शनिवारी आलाच नाही. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो, तेव्हा कुठे चौथ्या शनिवारी आला.

पुढे वाचनात आलं, 1973 साली अमेरिकेतल्या एका बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मुळात चित्रांची हौस असलेली पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पाहिलं, तर ज्यांना आमिष दाखवलं होतं त्यांनी रंगाच्या पेनांना हात लावणंच कमी केलं होतं. बाकीच्यांची हौस शाबूत होती. तेव्हापासून मी बक्षीस आधी जाहीर केलं नाही. कुणी काही चांगलं केलं की नंतर सगळ्यांदेखत नेमकं काय केलं ते सांगायचो. "शाब्बास" कमी, "पावसात तंबूची दोरी तू सोडली नाहीस" असं जास्त.

बिल्ल्यांचं वेगळं आहे. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. या पायऱ्या चढताना कुणाला पाडावं लागत नाही. रीफ नॉटची गाठ ज्याला आली त्याला आली. पालक पहिल्याच सभेत दहावीच्या वाढीव गुणांचं विचारतील. नियम काय आहे तो सांग आणि पुढचा विषय घे.

गट करताना सेमीची एकीकडे, मराठी माध्यमाची दुसरीकडे असं होऊ देऊ नकोस. त्यांच्यावर सोडलंस तर तसंच होईल. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, तेव्हा बड्या शाळांतली आणि कामगारांची मुलं मुद्दाम मिसळून चार गट केले होते. इंग्लंडात त्या काळी ही छोटी गोष्ट नव्हती. आपल्याकडे आजही नाही.

आगाशिवच्या डोंगरावर हाईक ने. समोर बसवून "काय झालंय रे?" विचारलंस तर "काही नाही सर" एवढंच ऐकशील. चढावर शेजारी चालताना, नजर पायवाटेवर असली की बापाच्या दारूपासून सगळं बाहेर येतं. तेव्हा नुसतं ऐक, उपाय सांगायची घाई नको. मात्र मारहाण किंवा नको तिथे हात लावणं असं काही निघालं, तर "कुणाला सांगणार नाही" हे वचन देऊ नकोस. त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ ठेव.

वर्षभर दर शनिवारी यायला जमणार असेल तरच जूनमध्ये सुरुवात कर. मध्येच सोडून जाणारी माणसं या पोरांनी घरीच पुष्कळ पाहिलेली असतात.

आणि हो, सामानाच्या ट्रंकेची किल्ली सर्वांत वांड पोराकडे दे. हुशार मुलगा आपण होऊन मागेल, त्याला देऊ नकोस. तुझ्याकडे का दिली होती, ते आता तुला कळलं असेल. ट्रंकेला कुलूप अजून तेच आहे, आणि दहावीनंतर तू किल्ली परत केल्याचं मला काही आठवत नाही. आईला विचार, घरातच कुठेतरी असेल.

तुझे,
सर