पन्नाशीनंतर जुनी मोटोक्रॉस गाडी पळवताना

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. त्यासाठी पहिली गाडी हलकी घ्या. ४०० सीसीच्या टू-स्ट्रोकचा मोह होतोच, पण ती माणसाला पार दमवते. २५० भरपूर झाली. १९७४ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना मागे जेमतेम चार इंच ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबायला जागा) असतो, म्हणजे उंच उडीचा धक्का थेट कमरेत. चाकं जमिनीलगतच ठेवा. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल सैल. आवळून धरलंत तर दोन फेऱ्यांत हातांचे दगड होतात. पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक पकडत नाहीत, ते वळणाआधी हलके दाबून सुकवा. हेल्मेट मात्र नवंच (हौस गाडीपुरती ठेवा!). आणि वयोगटाची शर्यत असेल तर लाजू नका, तिथेच नाव द्या. तिथले म्हातारेही भयंकर पळवतात.