तलावातले उपद्रवी मासे धनुष्यबाणानं मारले तर गळवाल्यांना चालतं का?

अर्धे हो म्हणतात, अर्धे चिडतात, आणि मला चिडणाऱ्यांचं जास्त पटते. अमेरिकेत हा मोठा शौक आहे, बाणाला दोरी बांधलेली असते, पाण्यात मासा असतो त्याहून वर दिसतो म्हणून नेम खाली धरावा लागते. सिल्व्हर कार्प मासा 1970 च्या दशकात तिथं मुद्दाम आणला, आता तो नद्यांमध्ये इतका माजला की बोटीचा आवाज आला की उड्या मारत अंगावर येते, तो मारला तर कोणी रडत नाही. पण भाऊ, गळाचा मासा परत सोडता येते, बाणाचा नाही! आणि रात्री लाइट लावून मारताना कार्प कोणता न तिथलाच बफेलो मासा कोणता हे कोण पाहते? तो बफेलो शंभरच्या वर वर्षं जगते म्हणे (2019 मध्ये 112 वर्षांचा सापडल्याचं छापून आलं होतं), आणि मारून काठावर फेकून देतात, वास सुटते.

आमच्या भंडाऱ्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलावात तिलापिया मासा झाला आहे, 1952 मध्ये भारतात आणलेला. थाई मागूर या बाहेरच्या माशावर तर 2000 पासून बंदी आहे तरी बाजारात दिसतेच. पण ते बाणानं एकेक मारून काय संपणार, तिलापिया तोंडात अंडी धरून पिल्लं वाचवते. त्यापेक्षा मासेमारी करणाऱ्या ढिवर भावांचं जाळं बरं, मासा खाल्ला तरी जाते. आणि तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असते, धनुष्य घेऊन गेले तर आधी तुम्हालेच पकडतीन.