इतिहासावरचं काम कलावंत व्हिडिओ इन्स्टॉलेशनमध्येच (म्हणजे खोलीभर पडदे आणि वस्तू मांडून, आपण आत शिरून बघायचं असं काम) का करतात? सरळ सिनेमा का नाही?

मीही असंच म्हणायचो. पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये सिनेमे बघत वाढलेला माणूस मी. समोर बघायचं, संपलं की चहा.

मत बदललं ते चित्रकार नलिनी मलानींच्या ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’बद्दल वाचून. काम १९९८ चं. मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब इकडे आलं. उर्दू लेखक मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही फाळणीवरची कथा आणि त्याच वर्षीच्या पोखरणच्या अणुचाचण्या त्यांनी एकत्र आणल्या. खोलीत पत्र्याच्या ट्रंका, त्यांत छोटे पडदे. (ट्रंक म्हटलं की मला आमच्या पेठेतल्या माळ्यावरची आजीची गंजकी ट्रंकच दिसते.) आणि समोरासमोरच्या भिंतींवर व्हिडिओत एकेक बाई, दोघी मिळून एक साडी घडी करू बघतायत. मध्ये उभे तुम्ही! एकीकडे बघाल तर दुसरी सुटते. घडी काही बसत नाही.

सिनेमात दिग्दर्शक इकडून तिकडे कट मारतो, इथे मान आपल्यालाच वळवावी लागते. फरक म्हणाल तर हाच.

असं काही बघायला मिळालं तर सुरुवातीची वाट बघत दारात थांबू नका. बहुतेक वेळा ते लूपवर, म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून, चालू असतं, मधूनच शिरायचं.